‘तिचं आयुष्यच तेवढं व्हतं’ : गरोदरपण, अन्न आणि कार्यकारणभाव

माझी धाकटी चुलती दुसऱ्या बाळंतपणात वारली. मी तेव्हा चौथीत होतो. बाळंतपण घरातच झाले. मूल जगले, पण रक्त थांबेना. जीप मिळवून तालुक्याच्या गावी नेईपर्यंत ती गेली. मातीहून परतल्यावर आजी एवढेच म्हणाली, “तिचं आयुष्यच तेवढं व्हतं.” कुणी काही विचारले नाही. पुढे मी प्राणिशास्त्र शिकलो, आता ते शिकवतो. दर वर्षी रक्ताचा पाठ घेताना आजीचे ते वाक्य आठवते, आणि त्या वाक्यात सत्याचा अंशही नव्हता हे दर वर्षी नव्याने कळते.

बुद्धाच्या विचारात नशिबाला जागा नाही. जे घडते त्याला कारण असते, त्या कारणालाही कारण असते, आणि कारण दूर केले तर परिणाम टळतो. आपण हा विचार विहारात ऐकतो, व्याख्यानांतून मांडतो. पण घरात बाई बाळंतपणात गेली की पुन्हा कपाळावर बोट ठेवतो. गरोदर बाईच्या आजारपणाला आणि मृत्यूला कोणती कारणे असतात, त्यांत अन्नाचा वाटा किती, आणि त्या अन्नामागे कोणती समाजव्यवस्था उभी आहे, एवढेच या लेखात पाहायचे आहे. मी डॉक्टर नाही. पण हे ज्ञान डॉक्टरांपुरते ठेवण्यासारखे नाही असे मला वाटते.

१. शरीराचा हिशेब

गरोदरपणात बाईच्या अंगातील रक्ताचे एकूण प्रमाण साधारण ४० ते ५० टक्क्यांनी वाढते. गर्भाला अन्न आणि प्राणवायू पोचवायचा तो याच रक्ताने. पण रक्तातील पाण्याचा भाग जितक्या सहज वाढतो तितक्या सहज तांबड्या पेशी वाढत नाहीत. त्यांना लोह लागते. वाढीव तांबड्या पेशी, गर्भ, वार आणि शरीराची रोजची झीज या सगळ्यांसाठी मिळून नऊ महिन्यांत जवळजवळ १००० मिलिग्रॅम, म्हणजे एक ग्रॅम लोह लागते. एक ग्रॅम म्हणजे लहानशा खिळ्याएवढे लोखंड. परंतु आपण जे धान्य-भाजी खातो त्यातले फार थोडे लोह आतड्यातून रक्तात शिरते. ज्वारी-बाजरीच्या कोंड्यातील काही द्रव्ये आणि चहातील तुरट द्रव्य लोहाला धरून ठेवतात. म्हणून ही तूट नऊ महिन्यांत खाऊन भरून निघणे अवघड असते. मुलगी वयात येते तेव्हापासूनचा साठा इथे कामी येतो, आणि साठाच नसेल तर गरोदरपण कर्जाने सुरू होते.

रक्तातील हिमोग्लोबिन १०० मिलिलिटरमागे ११ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर गरोदर बाईला पांडुरोग आहे असे मानतात. ७ च्या खाली गेले तर तो तीव्र पांडुरोग. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील ५२.२ टक्के गरोदर स्त्रिया पांडुरोगी आढळल्या. महाराष्ट्रात हे प्रमाण ४५.७ टक्के होते. म्हणजे या प्रगत म्हणवणाऱ्या राज्यात शंभरातल्या पंचेचाळीस जणी.

आता बाळंतपणाच्या वेळी काय होते ते पाहू. मूल बाहेर आल्यावर वार सुटते, आणि ती जिथे चिकटलेली असते तिथल्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात. गर्भाशय आवळले की त्या बंद होतात. गर्भाशय नीट आवळले नाही तर रक्त वाहत राहते. अर्धा लिटर रक्त गेले तरी सुदृढ बाई बहुधा सावरते. जिच्या रक्तात आधीच निम्मेच बळ आहे तिला तेवढेही झेपत नाही. आणि वाहतच राहिले तर तिच्यापाशी वेळ फार थोडा असतो. माझ्या चुलतीला जीपपर्यंतचा वेळही मिळाला नाही. तीव्र पांडुरोगात हृदयावर ताण येतो, जंतुसंसर्गाशी लढण्याची शक्ती कमी होते, मूल कमी दिवसांचे किंवा कमी वजनाचे जन्मते. कमी वजनाची मुलगी जगली तर तीही अपुरा साठा घेऊन वाढते आणि एक दिवस स्वतः गरोदर राहते. वारसा असाही चालतो.

महाविद्यालयात साहलीच्या उपकरणाने हिमोग्लोबिन मोजण्याचे प्रात्यक्षिक असते. बोटाला टोचायचे, रक्त आम्लात मिसळायचे आणि तपकिरी रंग जुळवायचा. दर वर्षी काही मुलींचा रंग लवकरच जुळतो. पाणी फारसे घालावेच लागत नाही. अशाच एका मुलीने विचारले होते, “सर, मग मी आळशी नाही ना? घरी सगळे तेच म्हणतात.” थोड्या कामाने धाप लागणे, चक्कर येणे, उठावेसे न वाटणे ही रक्ताच्या कमतरतेची लक्षणे आहेत. ‘आळशी’ हा शब्द आपल्या समाजाला शतकानुशतके ऐकवला गेला आहे. आपल्या घरातल्या बाईला तो ऐकवताना आपण निदान एकदा तिचे रक्त तपासावे.

दुसरे एक लक्षण तर आपण कौतुकाने सांगतो. गरोदर बाईला भाजलेली माती, चुलीची राख, भिंतीचा पोपडा खावासा वाटतो. त्याला आपण डोहाळे म्हणतो. वैद्यकशास्त्र सांगते की माती खाण्याच्या ओढीचा लोहाच्या कमतरतेशी संबंध दिसून येतो. मातीने ती कमतरता भरून निघत नाही. उलट पोटातले उरलेसुरले लोहही मातीला चिकटून बाहेर जाऊ शकते, आणि मातीबरोबर जंत येतात. अशा बाईचे डोहाळे पुरवण्याआधी तिचे रक्त तपासले पाहिजे.

सगळा पांडुरोग लोहाच्या कमतरतेचा नसतो, हेही ध्यानात ठेवावे. अनवाणी पायांनी शेतात काम करणाऱ्या बाईच्या आतड्यात आकडीजंत असतील तर ते रोज रक्त शोषतात. हिवतापात तांबड्या पेशी फुटतात. विदर्भात बौद्ध आणि आदिवासी समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणात आढळतो. त्या बाईला केवळ लोहाच्या गोळ्या देऊन भागत नाही, तिचे बाळंतपण जोखमीचे समजून वेगळी काळजी घ्यावी लागते. म्हणून तपासणी आधी, सल्ला नंतर.

२. रक्तदाब आणि साखर

गरोदरपणाच्या पाचव्या महिन्यानंतर काही बायकांचा रक्तदाब १४०/९० च्या वर जातो, लघवीतून प्रथिन जाते, तोंडा-हातांवर सूज येते, डोके ठणकते, डोळ्यांपुढे अंधारी येते. वेळीच उपचार झाला नाही तर झटके येतात आणि आई-मूल दोघेही दगावू शकतात. आपल्याकडे झटके आले की ‘बाहेरचं झालं’ म्हणून देवऋष्याकडे नेण्याची रीत अजून पुरती गेलेली नाही. या आजाराची सगळी कारणे आहारात नाहीत. पण ज्यांच्या आहारात कॅल्शियम फार कमी असते त्यांना त्याचा धोका अधिक असतो, आणि कॅल्शियम दिल्याने तो कमी होतो, हे सिद्ध झाले आहे. म्हणूनच चौथ्या महिन्यापासून लोहाबरोबर कॅल्शियमच्या गोळ्याही द्यायच्या असतात. नाचणी, तीळ, दूध, शेवग्याचा पाला, काट्यांसकट खायची बारीक मासळी यांतून कॅल्शियम मिळते. यांतले दूध सोडले तर बाकीचे आपल्याच गावात असते.

मधुमेह हा खात्यापित्या घरचा रोग, अशी आपली समजूत आहे. ती आता सोडून द्यावी लागेल. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून गरोदर स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास झाला. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की आपल्याकडची मुले जन्मतः वजनाने हडकुळी असली तरी त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने अधिक असते. पोटातच उपासमार सोसलेले हे शरीर पुढे मधुमेहाला लवकर बळी पडते. याच अभ्यासात असे दिसले की ज्या माता हिरव्या पालेभाज्या आणि फळे अधिक वेळा खात होत्या त्यांची मुले वजनाने बरी होती.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत २००६ ते २०१२ या काळात याच्याही पुढचा प्रयोग झाला. काही स्त्रियांना गरोदर राहण्याआधीपासून रोज पालेभाजी, फळे आणि दूध घालून केलेला खाऊ दिला. इतरांना बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा. पहिल्या गटात गरोदरपणातला मधुमेह ७.३ टक्के जणींना झाला, दुसऱ्या गटात १२.४ टक्के जणींना. रोजच्या एका खाऊने जवळपास निम्म्याने फरक पडला. मुलांच्या वजनात मात्र ज्यांनी दिवस राहण्यापूर्वी किमान तीन महिने हा खाऊ खाल्ला त्यांच्याच बाबतीत थोडी वाढ दिसली. पोटुशी राहिल्यावर खायला घालायला लागणे म्हणजे उशीर झालेला असतो, असा याचा अर्थ.

३. मुंबई, १९२८

हे ज्ञान आले कुठून, तेही पाहण्यासारखे आहे. कारण त्याचा एक उगम आपल्या मुंबईत आहे.

१९२८ साली ल्यूसी विल्स नावाची इंग्रज स्त्री-डॉक्टर मुंबईत आली. गरोदर बायकांना होणाऱ्या एका घातक पांडुरोगाचा शोध घेण्यासाठी ती आली होती. हा रोग गिरणगावातील गरीब स्त्रियांना, विशेषतः गरीब मुसलमान स्त्रियांना होत होता. हाफकिन संस्थेत तिने काम केले. आधी तिने जंतुसंसर्गाची शक्यता तपासली. ती टिकली नाही. मग तिने या बायका काय खातात ते पाहिले. प्रथिने कमी, फळे आणि भाज्या जवळपास नाहीत. तोच आहार तिने उंदरांना देऊन पाहिला आणि त्यांनाही पांडुरोग झाला. पुढे यीस्टचा अर्क, बाजारात मार्माईट नावाने मिळणारा स्वस्त पदार्थ, दिल्यावर बायका बऱ्या झाल्या. १९३१ साली तिने हे प्रसिद्ध केले. त्या अर्कात नेमके काय आहे हे कुणालाच ठाऊक नव्हते, म्हणून त्याला काही काळ ‘विल्स घटक’ म्हणत. १९४१ साली पालकाच्या पानांतून ते द्रव्य वेगळे काढण्यात आले. पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक आम्ल हे नाव मिळाले. आज आरोग्यसेविका गरोदर बाईला जी गोळी देते तिच्यात लोहाबरोबर हेच फॉलिक आम्ल असते. मुंबईच्या गरीब कष्टकरी बायकांच्या उपाशी रक्तातून जगाला मिळालेले हे ज्ञान आहे.

त्याच वर्षी या प्रश्नाची दुसरी बाजू मांडली गेली. २८ जुलै १९२८ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात प्रसूती लाभाच्या विधेयकावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून हा भार मुख्यतः सरकारने उचलायला हवा हे त्यांनी मान्य केले. पण जो मालक बाईच्या श्रमाचा फायदा घेतो त्यालाही त्यातून मोकळे सोडता येणार नाही, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ साली मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा झाला.

प्रयोगशाळेने सांगितले की बाईच्या अंगात काय कमी आहे. कौन्सिलातल्या भाषणाने सांगितले की ते कमी का राहते आणि ते भरून देण्याची जबाबदारी कुणाची. या दोन गोष्टी एकत्र घेतल्या तरच प्रश्न पुरा समजतो. गेल्या जवळजवळ शंभर वर्षांत आपल्या आरोग्ययंत्रणेने पहिली तेवढी उचलली. बाईला भिंतीवरच्या चित्रातून ‘पौष्टिक आहार घ्या’ असे सांगितले, आणि तो कुठून घ्यावा हे सांगायचे राहून गेले.

४. ताटाचा क्रम

गावकुसाबाहेरच्या वस्तीचे अन्न कोणते असावे हे गावाने ठरवले होते. दारोदार फिरून गोळा केलेली शिळी भाकरी, खळ्यावर उरलेसुरले धान्य, मेलेले जनावर. बेबीताई कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’मध्ये महारवाड्यातल्या बाळंतिणींची जी उपासमार सांगितली आहे ती वाचलेल्या कुणालाही हा विषय फक्त जीवनसत्त्वांचा वाटणार नाही. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला मेलेल्या जनावराचे मांस सोडण्याचा आदेश दिला, आणि आपल्या लोकांनी तो पाळला. ते स्वाभिमानाचे पाऊल होते.

पण मृतमांस सोडणे वेगळे आणि मांसच हलके मानणे वेगळे. शिकून शहरात आलेल्या आपल्यापैकी काहींनी शेजाऱ्यांच्या डोळ्यांना घाबरून दुसरी गोष्ट केली. शास्त्राची बाजू अशी आहे: मांस-मासळीतले लोह धान्य-भाजीतल्या लोहापेक्षा कितीतरी सहज रक्तात शिरते, आणि ब-१२ हे रक्त तयार व्हायला लागणारे जीवनसत्त्व वनस्पतींत मिळत नाही, ते मांस, मासे, अंडी, दूध यांतच असते. वाळवलेल्या चान्या, वजडी, रक्ती, सुकट, बोंबील हे आपल्या आयांचे पदार्थ म्हणजे गरिबाने शोधलेली लोह-प्रथिनांची सोयच होती. त्याची लाज बाळगण्याचे कारण नाही. २०१५ साली महाराष्ट्रात गायीबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आली, तेव्हा गोरगरिबांच्या स्वस्त मांसाचा एक मार्ग बंद झाला. त्या वेळी वाद झाला तो धर्माचा आणि शेतीचा. गरोदर बाईच्या ताटाचा विचार फारसा कुणी केला नाही.

हे झाले गावाने आणि राज्याने ठरवलेले ताट. घरातल्या ताटाचे काय? आपल्याही घरात आधी पुरुष, मग मुले, मग म्हातारी माणसे आणि शेवटी सून असा क्रम आहे. कालवण संपते ते तिच्यापाशी. चिरलेली भाजी, मटणाच्या फोडी, अंडे हे वरून वाटत येते आणि खाली रस्सा उरतो. गरोदर सुनेला तर वर आणखी बंधने: पोट भरून खाऊ नको, बाळाला जागा राहणार नाही, फार खाल्लेस तर मूल मोठे होऊन अडेल, अंडे उष्ण, मासळी उष्ण. अडलेल्या बाळंतपणात बायका मरताना पाहिलेल्या म्हाताऱ्यांनी ही भीती बाळगली, हे समजू शकते. पण अर्धपोटी राहिल्याने बाळंतपण सोपे होत नाही, आई आणि मूल दोघेही अशक्त होतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे गरोदर बाईला रोज सुमारे ३५० कॅलरी जास्त लागतात. म्हणजे रोजच्या जेवणावर साधारण दोन भाकरी आणि वाटीभर डाळ. सातव्या महिन्यात एक दिवस ओटी भरून पाच पक्वान्ने करायची आणि बाकीचे दिवस तिला उरलेल्यावर भागवायला लावायचे, हे डोहाळजेवण कुणाचे?

मिश्रीचा उल्लेखही केला पाहिजे. भूक आणि थकवा मारण्यासाठी कष्टकरी बायका मिश्री लावतात. ती तंबाखूच आहे. गरोदरपणातल्या तंबाखूमुळे मूल कमी वजनाचे होते. पण बाईला मिश्री सोड म्हणताना ती कोणती भूक मारते आहे हेही विचारले पाहिजे.

आणि आपण, चळवळीतली माणसे? बैठक संपून रात्री दहाला वीस कार्यकर्ते घरी जेवायला येतात. भाषण समतेचे झालेले असते. आत चुलीपुढे जी उभी असते ती कितव्या महिन्यात आहे आणि शेवटी काय खाते, हे आपल्यापैकी किती जणांनी पाहिले आहे? मी स्वतः पाहिलेले नाही, हे कबूल करतो. १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले होते की समाजाची प्रगती ते त्या समाजातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतात. ताटाचा क्रम हे त्या मोजमापाचे घरातले माप आहे.

५. खाणे आणि खपणे

अन्नाची दुसरी बाजू श्रम. जेवढे खाल्ले त्यापेक्षा अधिक खपले तर शिल्लक काही राहत नाही. पुण्याजवळच्या त्याच अभ्यासात दिसले की गरोदरपणात ज्यांना अधिक अंगमेहनत करावी लागली त्यांच्या मुलांचे वजन कमी भरले.

ऊसतोडीचे उदाहरण घ्यावे. बीडसारख्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक ‘कोयता’, कारखान्याच्या फडावर जाते. त्यांत भूमिहीन दलित, बंजारा, वंजारी कुटुंबे असतात. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते. एक दिवस काम चुकले की खाडा लागतो. बाई पोटुशी असली तरी पहाटे उठून तोडते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत चढवते. तिच्या गावच्या अंगणवाडीत तिचे नाव असते, पण ती पाच महिने गावात नसते. फडावरच्या अंगणवाडीत तिचे नाव नसते. रक्ततपासणी, गोळ्या, शिधा सगळे मागे राहते. २०१९ साली सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीच्या चार दिवसांचा खाडाही जिला परवडत नाही तिला नऊ महिन्यांची विश्रांती कोण देणार?

देशातला १९६१ चा प्रसूती लाभ कायदा, त्यातली १२ आठवड्यांची आणि २०१७ पासून २६ आठवड्यांची पगारी रजा, हे सगळे जिला मालक आहे आणि हजेरीपट आहे तिच्यासाठी. ती तरतूद आता सामाजिक सुरक्षा संहितेत आली आहे, तरी ही भिंत तशीच आहे. ऊसतोड करणारी, बांधकामावर विटा वाहणारी, कचरा वेचणारी, चार घरी धुणीभांडी करणारी बाई त्या भिंतीच्या बाहेर आहे. आपल्या बहुसंख्य बाया तिथेच आहेत.

६. काय मागायचे, काय करायचे

२०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला, सरकारी नोकरीतल्या वगळून, अंगणवाडीमार्फत मोफत आहार आणि किमान ६००० रुपये मातृत्व लाभाचा हक्क दिला. २०१७ साली मातृवंदना योजना आली ती पहिल्या अपत्यापुरती, तीही ५००० रुपयांची. २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी असेल तर ६००० रुपये मिळतात. कायदा म्हणतो प्रत्येक माता. योजना म्हणते पहिली खेप. तिसऱ्या खेपेची, रक्त सर्वांत कमी असलेली बाई नेमकी बाहेर राहते. आदिवासी भागात २०१५ पासून अमृत आहार योजनेतून गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे गरम पूर्ण जेवण देण्याची तरतूद आहे. इतरत्र कोरडा शिधा मिळतो. शिधा एकीच्या नावाचा आणि खाणारी तोंडे सहा, हे आपण सगळे जाणतो. दलित वस्त्यांत आणि ऊसतोडीच्या तळांवरही असे शिजवलेले जेवण मिळावे, ही मागणी आपण का करू नये?

मागणीबरोबर वस्तीत करण्याची कामेही आहेत, आणि ती उद्यापासून करता येतील.

दिवस राहिल्याबरोबर नोंद आणि रक्त, लघवी, रक्तदाब यांची तपासणी झाली का, हे पाहावे. आकडा बाईला स्वतःला ठाऊक असावा. विदर्भात सिकलसेलची तपासणी लग्नाआधीच व्हावी.

चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज एक लोह-फॉलिक आम्लाची गोळी आणि बाळंतपणानंतरही १८० दिवस, असा नियम आहे. पाचव्या सर्वेक्षणानुसार गरोदरपणातले १८० दिवस पुरे करणाऱ्या माता देशात २६ टक्केच होत्या. गोळीने मळमळते, शौचाला काळे होते, घट्ट होते, म्हणून बायका ती सोडतात. काळे होणे हे अपेक्षितच आहे, त्यात धोका नाही, एवढे कुणी सांगितले तरी बऱ्याच जणी ती घेत राहतील. मळमळत असेल तर जेवणानंतर घ्यावी, चहाबरोबर घेऊ नये, कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नये. लिंबू, आवळा असे आंबट बरोबर असेल तर लोह अधिक शिरते.

ताटात तांदुळजा, शेवग्याचा पाला, हरभऱ्याची भाजी, मोड आलेली मटकी, शेंगदाणे-गूळ, नाचणी, अंडे, सुकट यांपैकी जे जमेल ते रोज असावे. मोड आणल्याने कडधान्यातले लोह सुटे होते. आणि हे ताट पहिल्या पंगतीत वाढावे.

महाराष्ट्रात २०१८-२० या काळात लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या, देशात ९७. म्हणजे पूर्वीपेक्षा मृत्यू कमी झाले आहेत, आणि ते नशीब बदलल्याने झालेले नाहीत. दवाखाना जवळ आला, रक्ताची पिशवी मिळू लागली, गाडी वेळेवर आली, गोळी पोटात गेली. जिथे कारण दूर केले तिथे परिणाम टळला. उरलेल्या तेहतीस जणी कोणत्या वस्तीतल्या, कोणत्या कामावरच्या, किती खेपांच्या आणि शेवटी काय खाल्लेल्या होत्या, हे विचारण्याचे काम आपले आहे.

माझ्या चुलतीचा तो मुलगा आज सत्तावीस वर्षांचा आहे. मागच्या वर्षी त्याची बायको गरोदर होती. चौथ्या महिन्यात तिचे हिमोग्लोबिन साडेआठ निघाले. आजी आता नाही. घरातल्या दुसऱ्या म्हातारीने “बाईमाणसाचं असंच असतं” म्हणून सुरुवात केली, तेव्हा त्या मुलाने तिला थांबवले आणि बायकोचे ताट आपल्या शेजारी मांडले. ती सुखरूप आहे. तो फारसा शिकलेला नाही आणि सभेलाही कधी जात नाही. पण कार्यकारणभाव त्याला कळला.